महाडचं तळं, मिलवॉकीचा पूल: वाचनालयात प्रदर्शन कसं मांडावं

कोकणातल्या तालुक्याच्या वाचनालयात १९-२० मार्चच्या निमित्ताने प्रदर्शन करायचं ठरलं, तर महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्याशेजारी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचा लढा मांडावा, असं आम्ही आग्रहाने सुचवतो. मिलवॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठचं कारखान्यांचं शहर. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी २८ ऑगस्ट १९६७ पासून सलग २०० रात्री मोर्चे काढले. शहरात कुठल्याही भागात घर विकत किंवा भाड्याने घेता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. महाडला तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव होऊनही तीन वर्षं त्या पाण्याला कुणाला हात लावता आला नव्हता. मिलवॉकीच्या नगरसभेत तर ठरावच पुन्हा पुन्हा आपटत होता.

दोन्ही ठिकाणची खरी गोष्ट हक्काचा कागद आणि हक्काचा वापर यांच्यामध्ये गेलेल्या वर्षांची आहे. प्रदर्शन त्या वर्षांभोवती उभं करा. नेत्यांच्या मोठ्या तसबिरींनी भिंत भरली की ती वर्षं दिसेनाशी होतात आणि मुलं हार पाहून पुढे सरकतात.

आधी तारखा

पूर्वतयारीला दोन महिने धरा. पहिले तीन आठवडे फक्त तारखांना द्या, कारण छापल्यावर फलक बदलता येत नाही. एक वही घ्या. प्रत्येक पानावर एकच घटना, तिची तारीख आणि ती तारीख कुठे वाचली ते लिहा. दोन वेगळ्या ठिकाणी जुळल्याशिवाय तारीख फलकावर जाऊ देऊ नका. महाडसाठी बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकाचे अंक पुनर्मुद्रित रूपात मिळतात. पाक्षिकाचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७चा, म्हणजे तळ्यावरच्या घटनेनंतर दोन आठवड्यांतला. मिलवॉकीसाठी तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मोर्चांची कागदपत्रं, छायाचित्रं आणि मुलाखती संगणकावर खुल्या केल्या आहेत.

महाडची सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मार्च आणि डिसेंबरची सरमिसळ. क्रम असा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी बाबासाहेबांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. वीरेश्वराच्या देवळातही शिरणार अशी अफवा उठवून प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. देवळात जाण्याचा कार्यक्रम मुळात नव्हताच, हे फलकावर स्पष्ट लिहा. नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला.

डिसेंबरची परिषद २५ तारखेला सुरू झाली आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचं दहन झालं. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. परिषदेसाठी जागा मिळत नव्हती, ती फत्तेखान यांनी दिली. पण सवर्णांनी तळ्यावरून लावलेल्या दाव्यात १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला असल्याने त्या वेळी कुणी तळ्याचं पाणी घेतलं नाही. ‘मनुस्मृती जाळून तळ्याचं पाणी प्याले’ असं वाक्य अनेक भाषणांत ऐकू येतं. ते छापलं गेलं तर पुढचा सगळा दावा मुलांना कळणारच नाही. तो दावा थेट १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना मनाई करणारी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही.

मिलवॉकीचा क्रम. वेल फिलिप्स १९५६मध्ये नगरसभेवर निवडून आल्या. तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य. १९६२च्या मार्चमध्ये त्यांनी घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी घालणारा प्रस्ताव आणला. १९६७पर्यंत तो चार वेळा मांडला गेला आणि दर वेळी १८ विरुद्ध १ असा पडला. बाजूचं ते एक मत त्यांचं स्वतःचं. २८ ऑगस्ट १९६७ला पहिला मोर्चा, १४ मार्च १९६८ला दोनशेवा. ११ एप्रिल १९६८ रोजी केंद्रीय गृहहक्क कायदा झाला. त्याआधी एकच आठवडा, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. ३० एप्रिल १९६८ रोजी मिलवॉकी नगरसभेने स्वतःचा कडक नियम मंजूर केला. मधल्या काळात, १९६७च्या डिसेंबरमध्ये, नगरसभेने एक पळवाटांचा नियम केला होता. फिलिप्स यांनी त्याच्या विरोधात मत दिलं. त्या विरोधात का गेल्या हे समजावून सांगायला जागा राखून ठेवा, मुलं हा प्रश्न हमखास विचारतात.

उपस्थितीच्या आकड्यांबाबत हात आखडता ठेवा. महाडच्या परिषदेला आलेल्या लोकांची संख्या अडीच हजारांपासून दहा हजारांपर्यंत छापलेली सापडते. फलकावर ‘हजारो’ पुरे.

बारा फलक

बारापेक्षा जास्त करू नका. वाचनालयाच्या दालनात उभं राहून माणूस वीस-पंचवीस मिनिटं वाचतो, त्यापुढे नाही. एक प्रस्तावनेचा, पाच महाडचे, पाच मिलवॉकीचे, एक आपल्या तालुक्याचा. महाडचे फलक एका भिंतीवर आणि मिलवॉकीचे समोरच्या भिंतीवर लावा, म्हणजे मध्ये उभं राहिलं की जोड्या दिसतात.

पहिली जोडी लढ्याआधीची. कोकणाच्या बाजूला दापोली, महाड परिसरातले लष्करी पेन्शनर. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले आणि १८८८मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. म्हणजे तळ्याच्या एकोणचाळीस वर्षं आधी या भागात लेखी युक्तिवाद सुरू होता. मिलवॉकीच्या बाजूला स्थलांतर: १९४०मध्ये तिथे सुमारे ९ हजार कृष्णवर्णीय होते, १९६०मध्ये ६२ हजारांवर गेले. दक्षिणेतून आलेले हे लोक लोखंडाच्या ओतशाळांत, चामड्याच्या कारखान्यांत, मांसप्रक्रियेच्या उद्योगात कामाला लागले आणि शहराच्या उत्तर भागातल्या थोडक्या वस्तीत कोंडले गेले. ज्यांच्या घरातून कुणी ना कुणी गिरणीत कामाला मुंबईला गेलं, त्या कोकणातल्या वाचकाला हा फलक लगेच समजतो.

कोंडले कसे गेले, याची यंत्रणा नीट लिहा. दक्षिणेतल्या राज्यांसारख्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या मिलवॉकीत लावाव्या लागल्या नाहीत. घरांच्या खरेदीखतांत अट असे की हे घर कृष्णवर्णीयाला विकू नये. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट कुठल्याही न्यायालयाने अंमलात आणू नये. तरी दलाल घर दाखवत नसत, मालक भाड्याने देत नसत. हा सगळा व्यवहार बंद दाराआड होत असल्याने पुरावा देणं कठीण, म्हणून नगरसभेचा नियम हवा होता.

दुसरी जोडी ठरावांची: इकडे बोले आणि महाड नगरपालिका, तिकडे फिलिप्स आणि १८ विरुद्ध १. त्या वेळी महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूने उभे होते, हे इथे येऊ द्या. परिषदेची जुळवाजुळव करणारे रामचंद्र बाबाजी मोरे आणि साथ देणारे अनंतराव चित्रे यांचीही नावं घ्या.

तिसरी जोडी प्रत्यक्ष चालण्याची, आणि हेच प्रदर्शनाचं काळीज. जास्त जागा इथे द्या. मिलवॉकीत मेनॉमिनी नदीच्या खोऱ्यावर १६व्या रस्त्याचा लांब पूल आहे. उत्तरेला कृष्णवर्णीयांची वस्ती, दक्षिणेला पोलंडमधून आलेल्या कुटुंबांची. हा जगातला सर्वांत लांब पूल, आफ्रिका आणि पोलंडला जोडतो, असं तेव्हा लोक म्हणत. एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युवा शाखेतली मुलं-मुली पहिल्या रात्री तो पूल ओलांडून दक्षिणेच्या उद्यानापर्यंत गेली. पलीकडे हजारोंचा जमाव दगड, बाटल्या आणि शिव्या घेऊन उभा होता. दुसऱ्या रात्री परतल्यावर त्यांचं कार्यालय, ‘फ्रीडम हाउस’, जळून गेलं. महापौर हेन्री मायर यांनी रात्रीच्या मोर्चांवर बंदी घातली, अटका झाल्या, तरी मोर्चे थांबले नाहीत. युवा शाखेचे सल्लागार होते कॅथलिक धर्मगुरू फादर जेम्स ग्रोपी, स्वतः गोरे. बाजूने चालून मोर्चाचं रक्षण करणाऱ्या तरुणांच्या दलाला ‘कमांडो’ म्हणत.

समोरच्या फलकावर २० मार्च. बाबासाहेबांसोबत आलेल्यांत निवृत्त सैनिक होते, उलट वार करण्याची ताकद त्यांच्यात होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मार खाल्लेल्या अनेकांना महाडच्या मुसलमान घरांनी आसरा दिला.

चौथी जोडी शाळा आणि डिसेंबर परिषद, ती थोडक्यात आटपा. मिलवॉकीतली ‘अख्ख्या वर्गाची बस’ मात्र गाळू नका: शाळेत जागा कमी पडली की कृष्णवर्णीय मुलांचा पूर्ण वर्ग बसने गोऱ्यांच्या शाळेत नेत, तिथेही वेगळा बसवत, आणि अनेकदा दुपारच्या जेवणाला परत आणत. वकील लॉइड बार्बी यांच्या पुढाकाराने १८ मे १९६४ रोजी हजारो मुलांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि त्या दिवशी चर्चमध्ये भरवलेल्या ‘फ्रीडम स्कूल’मध्ये गेली. १९६५मध्ये दावा दाखल झाला, निकाल १९७६च्या जानेवारीत लागला. पाचवी जोडी निकालांची आणि नंतरची: १९३७चा महाडचा निकाल, १९६८चे कायदे. मिलवॉकीच्या फलकावर हेही लिहा की कायदा होऊनही ते शहर आज अमेरिकेतल्या सर्वांत विभागलेल्या शहरांत गणलं जातं. कारखाने बंद पडले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, आणि कागदावर मोकळी झालेली घरं अनेकांच्या खिशाला परवडेनाशी झाली.

फरक लिहायला विसरू नका

‘जात म्हणजेच वंश’ असं समीकरण फलकावर मांडू नका. मिलवॉकीतल्या लोकांच्या मागे गुलामगिरी होती, जातीला धर्मग्रंथांचा आधार सांगितला जात होता. एकाच्या लढ्यात मतदानाचा हक्क आधीच होता (विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने १८६६मध्येच तो मान्य केला), दुसऱ्याच्या लढ्याच्या वेळी देशच परक्यांच्या राज्यात होता. प्रस्तावनेच्या फलकावर साम्याची तीन वाक्यं आणि फरकाची तीन वाक्यं असा नेम ठेवा.

दुसरा सापळा तारणहाराचा. ग्रोपींचं मोठं छायाचित्र लावलं की लढा त्यांचा वाटू लागतो, जसं महाडमध्ये सवर्ण सहकाऱ्यांची नावं वर गेली की होतं. सहकाऱ्यांचा उल्लेख आदराने करा, पण वाक्याचा कर्ता चालणारी माणसं ठेवा. ‘युवा शाखेने मोर्चा काढला, ग्रोपी सोबत होते’ असं.

जमिनीवरची पट्टी

वर्षांचं अंतर डोळ्यांना दिसावं म्हणून दालनाच्या जमिनीवर कापडी टेपच्या दोन पट्ट्या चिकटवा, एका महिन्याला ५ सेंटिमीटर या मापाने. महाडची पट्टी ४ ऑगस्ट १९२३ला शून्यावर सुरू होते. ५ जानेवारी १९२४ येतो २५ सेंमीवर, पाणी २१७ सेंमीवर, मनुस्मृती दहन २६३ सेंमीवर, उच्च न्यायालयाचा निकाल ८१७ सेंमीवर. मिलवॉकीची पट्टी मार्च १९६२ला सुरू होते: पहिला मोर्चा ३२७वर, दोनशेवा ३६०वर, शहराचा नियम ३६८वर. दालन साडेआठ मीटरपेक्षा लहान असेल तर महिन्याला ३ सेंमी घ्या, महाडची पट्टी ४ मीटर ९० सेंमीत बसते. मुलं चालत जाताना पाण्यापासून निकालापर्यंतचे ६ मीटर मोजतात आणि दहा वर्षं म्हणजे काय हे त्यांना न सांगता कळतं.

शहाबादी फरशीवर टेप चिकटवण्याआधी ओल्या फडक्याने पुसून अर्धा दिवस कोरडी होऊ द्या. धुळीवर लावलेली पट्टी दुपारपर्यंत कडेने सुटते आणि कुणाचा तरी पाय अडकतो. खडबडीत कोब्यावर टेप टिकतच नाही, तिथे जाड सुतळी ताणून दोन्ही टोकांना विटा ठेवा.

दोनशे गाठी

शाळेच्या मुलांकडून करून घ्यायची ही गोष्ट: मिलवॉकीच्या दर रात्रीच्या मोर्चाची एक गाठ. ३ मिलिमीटर जाडीची सुतळी १६ मीटर घ्या. गाठी ४ सेंमी अंतराने, म्हणजे तयार दोरी ८ मीटरची होईल. गाठ स्वतःच साडेतीन-चार सेंमी दोरी खाते, म्हणून दुप्पट लांबी लागते. आधीच दोरीवर खुणा करून गाठी मारल्या तर खुणा सरकतात. त्याऐवजी ४ सेंमीचा पुठ्ठ्याचा तुकडा कापा आणि प्रत्येक गाठ मागच्या गाठीपासून त्याने मोजा. पन्नास-पन्नास गाठींचे चार तुकडे चार गटांना द्या.

पहिली गाठ २८ ऑगस्ट १९६७, दुसरी कार्यालय जळाल्याची रात्र, म्हणून तिला काळा दोरा बांधा. १२०वी गाठ २५ डिसेंबरची. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला महाडात मनुस्मृती जळाली होती. ही गाठ लाल ठेवा आणि तिथून एक दोरा समोरच्या भिंतीवरच्या डिसेंबरच्या फलकापर्यंत न्या. १९६८ हे लीप वर्ष, फेब्रुवारीचे २९ दिवस धरले तरच दोनशेवी गाठ १४ मार्चवर येते.

छपाई आणि भिंत

फलक ६० × ९० सेंमी, ५ मिमी जाडीच्या सनबोर्डवर, मॅट छपाई. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि मार्चच्या उकाड्यात सैल होऊन पोटाला फुगतो. शीर्षक १०० ते १२० पॉइंट, मजकूर ३४ ते ३६ पॉइंट, एका फलकावर १२० शब्दांपर्यंत. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.४ पट ठेवा.

डीटीपीच्या दुकानात सर्वांत जास्त गोंधळ फॉन्टचा होतो. तुम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर तिथे जुन्या फॉन्टमध्ये नेला की जोडाक्षरं फुटतात, रफार उडतो. फाइल पीडीएफ करून, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या चित्रात) बदलून द्या आणि छपाईआधी कागदावर एक प्रत मागून घ्या. ‘मिलवॉकी’, ‘टिपणीस’, ‘सहस्रबुद्धे’, ‘क्रांतिस्तंभ’ हे शब्द आणि सगळे आकडे त्या प्रतीवर मोठ्याने वाचून तपासा. छायाचित्रांची परवानगी ज्याच्या संग्रहातली असतील त्याच्याकडून लेखी मागा. उत्तर यायला महिना लागू शकतो. नाही आली तर पुलाचा आणि तळ्याचा नकाशा हाताने काढा, तो उलट जास्त बोलका होतो.

चिऱ्याच्या भिंतीवर गिलावा असेल तर खिळा ठोकला की पापुद्रा निघतो, आणि डिस्टेंपरवर दुहेरी टेप एका रात्रीत गळते. भिंतीवर आधीचे हुक असतील तिथून लाकडी रीप आडवी टांगा, रीपेला फलक सुतळीने दोन भोकांतून बांधा. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर, शाळकरी मुलं जास्त येणार असतील तर १३०वर.

बारावा फलक

आपल्या तालुक्याचा. खोतांविरुद्धचे लढे, अलिबाग तालुक्यातल्या चरीचा १९३३ ते १९३९चा शेतकरी संप, बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ला मांडलेलं खोती रद्द करण्याचं विधेयक, रत्नागिरीत २२ फेब्रुवारी १९३१ला खुलं झालेलं पतितपावन मंदिर, मंडणगड तालुक्यातलं बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे: जे तुमच्या जवळचं असेल ते घ्या. गावातल्या विहिरी, पाणंदी, शाळेतली बसण्याची जागा याविषयी माहिती गोळा करायची असेल तर बौद्धवाडीतल्या वयस्कांकडे आधी निरोप देऊन जा, लिहून घेतलेलं त्यांना वाचून दाखवा, नाव छापायचं की नाही हे त्यांना विचारा. ज्या विहिरीचा वाद आजही धुमसतो आहे तिचं नाव कागदोपत्री आधार असल्याशिवाय घालू नका. छपाईला जाण्यापूर्वी बाराही फलकांचा मजकूर वाडीत एकदा मोठ्याने वाचला जावा. जिथे लोक गप्प होतात ते वाक्य पुन्हा लिहा.

महाडला जाताना

सहल काढायची तर २० मार्च टाळा, त्या दिवशी गर्दीमुळे मुलांना काही दिसत नाही. आधीचा रविवार बरा. रेल्वेने वीर स्थानक जवळचं. क्रांतिस्तंभापासून सुरू करा आणि तळ्यापर्यंत पायी जा. वेळ असेल तर दासगावलाही जा: डिसेंबर १९२७मध्ये मोटारवाल्यांनी वाहनं देण्याचं नाकारल्यामुळे मुंबईहून बाबासाहेब आणि मंडळी समुद्रमार्गे दासगावला उतरली आणि तिथून महाडला चालत आली. सावित्रीच्या काठावर उभं राहून नकाशा उघडला की तो मार्ग समजतो.

आवरून ठेवताना

एप्रिलअखेर फलक उतरवा, जून उजाडू देऊ नका. प्रत्येक फलक कोरड्या सुती फडक्याने पुसा, दोन फलकांच्या मध्ये कोरा कागद ठेवा आणि उभे न ठेवता आडवे रचा, नाहीतर सनबोर्ड वाकतो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर आत दमटपणा अडकून छपाईवर बुरशी धरते, त्याऐवजी जुन्या चादरीत बांधा. महाड, चिपळूणमध्ये २०२१च्या जुलैत पाणी कुठवर चढलं होतं ते ध्यानात घेऊन गठ्ठा पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. तारखांची वही आणि मूळ फाइल दोन वेगळ्या घरी असू द्या. गठ्ठ्यावर बाहेरून चिठ्ठी लावा: किती फलक, कोणत्या क्रमाने, पट्टीची मापं, आणि पुढच्या वर्षी कोणत्या शाळेला द्यायचे ते.